टिलीचं केशरी जाकीट

मी क्षमाशील बाई नाही. आमच्या चर्चमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आता डेल्मर हॉफरलाही ठाऊक झालंय.

माझा नवरा ऑर्लन मार्चमध्ये गेला. एप्रिलमध्ये मी त्याची लोखंडी पेटी उघडली, तर तळाशी टिलीचं केशरी जाकीट. टिली म्हणजे आमची लॅब्राडोर. फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यांच्या, शिकारीला सोडताना कुत्र्याला असं जाकीट घालतात, उंच ज्वारीत दिसावं म्हणून. ते रक्तासकट घडी करून ठेवलेलं होतं. ऑर्लनने घडी घातली ती घातली, पुन्हा कधी उलगडली नसणार. मी उलगडली.

चार ऑक्टोबरांपूर्वीची गोष्ट. हंगामाचा पहिला दिवस. आमच्या टोळीतले अर्धे लोक ज्वारीतून पक्षी उठवत येत होते, टिली त्यांच्या पुढे. ऑर्लन आणि टोळीचा म्होरक्या डेल्मर शेताच्या टोकाला उभे होते, शेजारी शेजारी. एक कोंबडा जमिनीलगत सटकला, दुसरा वर उडाला. दोन बार झाले, आणि टिली लोळली. दोघांपासून पंधरा पावलांवर.

डेल्मर लगेच म्हणाला, "ऑर्लन, घाई केलीस रे." बस, एवढंच.

घाई, आणि ऑर्लनने! ज्याने अर्ध्या तालुक्याच्या पोरांना थांबायला शिकवलं, तो माणूस! कोंबडा फडफडत उठला की भलेभले दचकतात आणि चाप ओढतात. ऑर्लन म्हणायचा, आधी त्याच्या गळ्याची पांढरी पट्टी बघ, मग त्याच्या पोटाखाली आभाळ बघ, मगच ओढ. पट्टी दिसली म्हणजे तो नर, मादी मारायची नसते. खाली आभाळ दिसलं म्हणजे छर्रे माणसाला लागत नाहीत, कुत्र्याला लागत नाहीत. पण त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याने डेल्मरच्या तोंडावर विश्वास ठेवला. आम्ही सगळ्यांनीच ठेवला. मीसुद्धा, आणि ते मला अजून झोंबतं.

आमच्या टोळीचा जुना नियम आहे. ज्याच्या हातून कुत्रं मरेल त्याने बंदूक ठेवून द्यायची आणि पक्ष्यांची झोळी उचलायची. ऑर्लनने तीन हंगाम झोळी उचलली. इतरांनी पाडलेले कोंबडे ज्वारीत शिरून हुडकून आणायचा. डेल्मर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ऑर्लन, कुत्रीपेक्षा तूच बरं आणतोस." लोक हसले. ऑर्लनही हसला. घरी आल्यावर तो जेवला नाही.

तर ते जाकीट. त्याच्या कुशीवर छर्‍यांची भोकं एकमेकांना चिकटून होती, जेवायच्या ताटाएवढ्या गोलात. मी बघतच राहिले. तीस वर्षं मी आणि ऑर्लन गोठ्यामागच्या खोलीत लोकांच्या बंदुका दुरुस्त करत आलो. नळीच्या तोंडाशी छर्रे आवळणारा चोक असतो, तो घट्ट असेल तर छर्रे लांबवर एकगठ्ठा जातात, मोकळा असेल तर लवकर पसरतात. ऑर्लनची जुनी दुनळी. त्या दिवशी त्याने उजवी नळी उडवली होती, ती मोकळ्या चोकची. पंधरा पावलांवर तिचे छर्रे मोठ्या परातीएवढे विखुरतात. डेल्मर मात्र घट्ट चोकशिवाय बोलायचा नाही. मोकळा चोक पोराबाळांसाठी, असं त्याचं म्हणणं. आणि काडतुसं दोघांची एकाच खोक्यातली.

मी त्याच दिवशी डेल्मरच्या दारात जाऊन उभी राहू शकले असते. नाही गेले. पक्षी पायाशी उठला तेव्हाच बार टाकला तर हाती पिसांचा लगदा येतो. मी थांबले.

सप्टेंबरमध्ये तो आपल्या पायांनी आला. डोळे अधू झालेत, जरा मोकळा चोक बसवून दे, म्हणाला. जुना चोक गंजून नळीत बसला होता. मी सहज विचारलं, कधी काढला होतास? म्हणाला, सात-आठ वर्षांत हातही लावला नाही. मी बंदूक परत दिली आणि निघत नाही म्हणून सांगितलं. तेल घालून रात्रभर ठेवला असता तर निघाला असता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम उघडला. दहा वाजेपर्यंत शिकार बंद, म्हणून टोळी एमिलच्या अंगणात जमते. कुखेन, म्हणजे आमचा जर्मन केक, खायचा, कॉफी प्यायची, आणि प्रत्येकाने पंधरा पावलांवरून कागदावर एकेक बार टाकून आपली बंदूक तपासायची. एमिल आमच्यातला सगळ्यात म्हातारा. मी ऑर्लनची दुनळी घेऊन गेले. उजव्या नळीचा बार टाकला. कागदभर परात. मग डेल्मरने टाकला. ताट.

मी पिशवीतून जाकीट काढून एमिलच्या हातात दिलं. त्याने ते आधी ऑर्लनच्या कागदावर धरलं, मग डेल्मरच्या. मग पुन्हा डेल्मरच्या.

डेल्मर म्हणाला की त्या दिवशी आपण दुसरा चोक लावला असेल. मी सप्टेंबरमधलं त्याचंच बोलणं सगळ्यांना ऐकवलं. मग तो म्हणाला, इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय. मग त्याचा चेहरा पडला. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"व्हर्ना, कुत्रीच तर होती."

"कुत्री लगेच मेली, डेल्मर. ऑर्लनला तीन वर्षं लागली."

एमिलने डेल्मरच्या हातातून बंदूक घेतली आणि झोळी त्याच्या गळ्यात घातली. कोणी त्याची बाजू घेतली नाही.

दहाला आम्ही ज्वारीच्या टोकाला उभे राहिलो. मी ऑर्लनच्या जागी. डेल्मर माझ्या मागे, झोळी घेऊन. पहिलाच कोंबडा माझ्यासमोर दहा पावलांवर फडफडत उठला. मी पांढरी पट्टी पाहिली. मग त्याच्या पोटाखाली आभाळ आलं, नुसतं निळं. मी चाप ओढला. कोंबडा ज्वारीत कोसळला.

मी मागे वळून पाहिलं नाही. "आण," म्हणाले.

तो गेला. ज्वारीची धाटं मोडत जाताना त्याचा दम लागलेला ऐकू येत होता. बराच वेळ हुडकत होता. अखेर आला, तळहात ज्वारीच्या पात्यांनी चिरलेले, हातात कोंबडा. मी घेतला नाही, झोळीत टाकायची खूण केली.

मला वाटलं होतं, एवढ्याने पोट भरेल. नाही भरलं. मी दुनळीत नवं काडतूस घातलं. आमच्याकडे हंगाम जानेवारीअखेरपर्यंत असतो.