कवायतसरांच्या नावावरचा तास

भूगोलबाईंना शाळेत भूगोलबाई म्हणत, पण गेली काही वर्षं त्या नकाशापेक्षा संगणकापुढेच जास्त दिसत. कधीतरी त्यांनी स्टाफरूममधला अडकलेला प्रिंटर चालू करून दाखवला, तिथंच त्यांचं चुकलं. त्या दिवसापासून शाळेत जिथं वायर तिथं बाई. येत असलेलं काम येत नाही म्हणून सांगण्यातच शहाणपण असतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

त्यात परदेशातल्या एका शिक्षणसंस्थेचा ऑनलाइन कोर्स आला. जगभरच्या शिक्षकांसाठी, फुकट आणि घरबसल्या. व्हिडिओ पाहायचे, प्रश्न सोडवायचे आणि शेवटी 'माझा फसलेला तास' या विषयावर निबंध लिहायचा. ज्यांचे निबंध आवडतील त्यांची मुलाखत, आणि त्यातून निवडलेल्यांना सहा आठवडे तिकडे नेऊन शिकवणार, सगळा खर्च संस्थेचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं बाकीच्या शिक्षकांना वाटलं. भूगोलबाईंना मात्र जायचं होतं. तिकडच्या इमारतींचं आणि हवेचं त्यांना काही अप्रूप नव्हतं. सहा आठवडे आपण बाकावर बसणार आणि फळ्यापाशी दुसरं कुणीतरी उभं राहणार, ही कल्पनाच त्यांना इतकी गोड वाटली की विचारांच्या नादात एकदा त्यांचा बसथांबा मागे राहिला.

पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांचाच कोर्स पूर्ण झाला पाहिजे असं फर्मान काढलं. ज्या शाळेचा एकही शिक्षक मागे राहणार नाही, तिचं वरच्या कार्यालयात कौतुक होणार होतं. मग एकेक जण भूगोलबाईंच्या टेबलाशी येऊन घुटमळायला लागला.

"बाई, माझं तेवढं करून टाका ना. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

ते दोन मिनिटांचं काम बाई कितीतरी आठवडे शाळा सुटल्यावर करत राहिल्या. बाकीच्यांचा खोकला सुंठीवाचून गेला. बाईंची पाठ तेवढी धरली.

व्हिडिओ एकदा पाहिले की भागत होतं, प्रश्नही सगळ्यांना सारखेच होते. निबंध मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा होता. तुमचा कुठला तास फसला होता का, असं विचारलं तर जो तो म्हणे, "छे, माझा तास कधी फसतच नाही." शेवटी बाईंनी स्वतःचेच फसलेले तास वाटायला काढले. इतक्या वर्षांच्या नोकरीत साठा भरपूर जमला होता. कुठे विषय बदलून, कुठे चार वाक्यं उसवून आणि पुन्हा शिवून त्यांनी गणिताच्या सरांना एक दिला, गाण्याच्या बाईंना एक दिला. आपलं अपयशसुद्धा असं कुणाच्या उपयोगी पडतंय, याचं त्यांना पहिल्या दिवशी हसू आलं. पुढे हसायचंही त्राण राहिलं नाही.

कवायतसर अगदी शेवटच्या दिवशी आले. निवृत्तीला टेकलेला माणूस, गळ्यात शिट्टी, बुटांवर मैदान आखायचा पांढरा चुना. "राहू द्या हो बाई, नाही झालं तर नाही," म्हणाले. मोठ्या बाई काही राहू देणार नव्हत्या. भूगोलबाईंपाशी आता दोनच तास उरले होते. एक, ज्यात पृथ्वीचा गोल हातातून निसटून फुटला होता आणि वर्ग हसला होता. दुसरा त्यांनी स्वतःसाठी जपून ठेवला होता. पण थकल्या हातांना जे आधी आठवलं ते त्यांनी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पाहिलं तर तो जपलेला तास सरांच्या नावावर गेला होता. भूगोलबाई रजेवर असताना मी त्यांच्या वर्गावर गेलो होतो, अशी सुरुवातही जुळवून झाली होती. परत लिहायला वेळ नव्हता. स्वतःच्या नावावर त्यांनी फुटलेला गोल घातला.

मुलाखतीसाठी शाळेतून एकच नाव आलं, कवायतसरांचं.

भूगोलबाई पाणी प्यायच्या खोलीत गेल्या, नळ मोठा सोडला आणि रडल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. खरं काय ते सांगून टाकावं, तर मोठ्या बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "एक शब्द बाहेर गेला तर सगळ्यांची प्रमाणपत्रं रद्द होतील. तुमचंही. आणि केलं कुणी, असं विचारलं तर मी काय सांगू?"

मुलाखतीच्या दिवशी कवायतसर बाईंच्या समोर अवघडून बसले.

"बाई, मी नक्की काय लिहिलंय?"

मग बाईंना सांगावंच लागलं. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई दूरच्या देशात एका म्हातारीला सांभाळायच्या नोकरीवर. मुलगी आत्याकडे राहायची. रोज रात्री नऊला आईचा फोन यायचा आणि शेवटी ती म्हणायची, "झोप आता. बघ, मीही दिवा घालवते." मुलगी त्या भरवशावर झोपायची. मग एक दिवस बाईंनी वर्गात कुठल्या देशात आत्ता किती वाजलेत ते काढायला शिकवलं. मुलीने सगळी उदाहरणं बरोबर सोडवली. शेवटी आईच्या देशाचं आपणहून काढलं. इथे रात्रीचे नऊ, तेव्हा तिथे सकाळचे साडेअकरा.

"दुसऱ्या दिवशी आत्या आली शाळेत," बाई म्हणाल्या. "म्हणाली, काय शिकवलंत हो पोरीला? आई खोटं बोलते म्हणून फोनच घेत नाही. माझा इतका चांगला समजलेला तास दुसरा नसेल, सर."

"मग?"

"मग काही नाही. बोलायचं होतं मला तिच्याशी. पण परीक्षा आल्या, नंतर हा कोर्स आला. राहूनच गेलं."

सर काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात पडद्यावर माणसं दिसायला लागली.

एक वयस्क बाई प्रश्न विचारत होत्या आणि दुभाषी ते मराठीत सांगत होता. भूगोलबाई कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने बाजूला बसल्या. हातात पाटी होती, अडलं तर उत्तर लिहून दाखवायला. पहिले दोन प्रश्न तसेच निभावले. मग त्या बाईंनी विचारलं, "निबंध तिथेच संपतो. त्या मुलीचं पुढे काय झालं?"

सरांनी पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी होती. काय लिहिणार? बाईंना माहीतच नव्हतं.

"पुढचं मी सांगतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "ती सकाळी सातला शाळेत यायला लागली. मी मैदान आखायला लवकर येतो. म्हणाली, सर, ऑफिसात माझा फोन येणार आहे, घेऊ का? घरचा फोन आत्या सकाळीच कामावर घेऊन जाते. म्हटलं, घे. तेव्हापासून मी रोज दार उघडून देतो."

"तुम्ही तिला काही विचारलं नाही?"

"पोरगी बोलतेय, आपण कशाला ऐकायचं? मी बाहेर असतो. तिथे तेव्हा किती वाजलेले असतात ते मला आत्ताच कळलं."

सकाळचे सात म्हणजे तिथे रात्रीचे साडेनऊ. भूगोलबाईंनी मनात हिशेब केला आणि पाटी मांडीवर पालथी ठेवली. आईची खरी झोपायची वेळ मुलीने आपली आपण शोधून काढली होती, आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता. आधी त्यांना लाज वाटली, मग सरांचा राग आला. रागही फार वेळ टिकेना.

पडदा बंद झाल्यावर सर म्हणाले, "मी नाही म्हणून कळवतो. तास तुमचा होता."

"तुम्ही नाही म्हणालात तर जागा दुसऱ्या शाळेला जाईल. मला थोडीच मिळणार आहे?" बाई म्हणाल्या. "आणि त्यांना आवडलं ते शेवटचं. ते कुठे माझं होतं?"

सरांची निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी ते बाईंच्या टेबलाशी आले. बाईंना वाटलं, आता तिकिटाचं काहीतरी करून द्यायला सांगणार. सरांनी ऑफिसची किल्ली काढून समोर ठेवली.

"सातच्या आत यावं लागतं, बाई. ती दारात उभी असते."

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या बसने आल्या. अंग दुखत होतं, डोळे चुरचुरत होते. मुलगी पायरीवर उभी होती. बाईंना पाहून ती एक पायरी मागे सरकली.

"सर नाहीत?"

"सहा आठवडे मी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप काढलं.

फोन लगेच वाजला. बाई सरांसारख्याच बाहेर उभ्या राहिल्या. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण खिडकी उघडी होती.

"दमलीस का गं? म्हातारी झोपली? मग तूही झोप आता. दिवा घालव. घालवलास? खरंच ना?"

थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली.

"आई झोपली," तिने सांगितलं.

बाईंनी मान हलवली आणि दाराला कुलूप लावलं.