एका दमातली हाक

शिंपी तोतरा होता. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तो बायकोला "ब... ब... बबडे" अशी हाक मारायचा. हाक पुरी व्हायच्या आत ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीतून त्याच्यापुढे हजर. मग दोघंही हसत सुटायचे.

तो गेल्यावर लेकाने जुन्या रेकॉर्डिंगवरून एआयकडून त्याचा आवाज बनवून घेतला आणि मोठ्या हौसेने आईला ऐकवला.

"बबडे, जरा इकडे ये!" एका दमात, खणखणीत.

ती जागची हलली नाही.

"बाबांचं तोतरेपण काढून टाकलं मी," लेक म्हणाला. "जन्मभर लोक हसले त्यांना."

"हे नसते उद्योग कुणी सांगितले होते तुला?" ती कडाडली. "इतक्यात हाक संपली, तर मी पोचू कशी रे?"