काबरीचं रक्त

राणीचं मूत काळ्या चहासारखं उतरलं आणि सरलाबाईने लगेच डॉक्टरला फोन लावला. अख्ख्या लोणखेड्यात एवढी लाडाची संकरित गाय नव्हती. कालवड होती तेव्हापासून तिच्या अंगावर गोचीड दिसला की सरलाबाई तो वेचून रॉकेलात टाकायची. नवरा, सुपडू, म्हणायचा, "इतलं तर मन्हं डोकंबी कधी पाह्यं नही तू."

शहाद्याहून आलेल्या डॉक्टर गजालाने राणीच्या हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक.

"गोचीडताप आहे, मावशी. इंजेक्शन देते, पण अंगात रक्तच उरलं नाही. दुसऱ्या गाईचं चढवावं लागेल, आत्ताच."

दुसरी गाय एकच, काबरी. सासूच्या हातची, गावठी. कानात गोचिडांचे घोस लटकलेले आणि बाई निवांत रवंथ करतेय.

"तिच्याच अंगावरून गोचीड आले ना? मग तिला का नाही काही?" सरलाबाईने विचारलं.

"तिच्याही रक्तात तो जंतू असणार. पण तिच्या पणज्या-खापरपणज्या त्याच्याशी भांडत आल्या. हरल्या त्या मेल्या, टिकल्या त्यांची ही लेक. जंतूही नरमला असेल; घर जाळून राहणार कुठे? राणीचं रक्त थंड मुलखातलं. त्यात तुम्ही तिला लहानपणी त्याची ओळखच होऊ दिली नाही. चार गोचीड वासराला चावले तर ताप हलका येतो, अंग शिकतं."

सरलाबाईची नजर वळली. कोपऱ्यात राणीचं कोवळं वासरू मच्छरदाणीत उभं होतं, नवरदेवासारखं.

काबरीच्या मानेतून बाटली भरली. राणीच्या शिरेत पहिले थेंब गेले आणि ती थडथड कापू लागली. गजालाने नळी दाबून धार थांबवली. राणीचा श्वास भात्यासारखा. गोचीड काढता काढता आपण गाईचं बळच काढलं, सरलाबाईच्या मनात आलं.

कापरं हळूहळू ओसरलं. गजालाने नळी पुन्हा सैल सोडली. बाटली तळाला गेली तेव्हा राणीने कान हलवून माशी उडवली.

"कान हलला, बरं झालं," गजाला म्हणाली. "पण उद्यापर्यंत वाचली म्हणू नका."

ती गेल्यावर सुपडू काबरीला मळ्यात न्यायला तिचं दावं सोडू लागला. "इले मळामा लई जास. इन्हापायी व्हयनं सारं."

"ऱ्हाऊ द्या तिले."

सरलाबाईने मच्छरदाणी वर केली, वासराला ओढत आणून काबरीच्या शेजारी बांधलं आणि गोचीड वेचायला शिवशिवणारे दोन्ही हात पदरात गुंडाळून लांब जाऊन उभी राहिली.