नवव्या फेरीतला किकर

अमेरिकन फुटबॉलचा संघ निवडायला बसलं की आधी रनिंग बॅक घ्यावेत, असं कोरीन स्ट्रेलोचं ठाम मत होतं. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारे ते गडी दर मोसमात मोडतात, आणि मोडले की त्यांच्या जागी धड माणूस मिळत नाही. त्यानंतर चेंडू झेलणारे रिसीव्हर. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं कौतुक जगाला असतं, पण तो प्रत्येकाला एकच लागतो, तेव्हा सहाव्या फेरीपर्यंत त्याच्याकडे बघायची गरज नाही. आणि लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवणारा किकर? तो अगदी शेवटी, घरी जायला गाडीची किल्ली शोधता शोधता घ्यायचा.

सव्वीस वर्षं विस्कॉन्सिनच्या बर्फात शाळेची बस चालवलेल्या बाईचं मत होतं ते, सहजासहजी हलणारं नव्हतं. पण या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दरवर्षी सगळे जमायचे त्या नॉर्बच्या गराजमध्ये शिरताना तिच्या डोक्यात रनिंग बॅक नव्हते. भाऊ आपल्याशी बोलेल का, एवढंच होतं.

तिचा भाऊ वेन्डेल आधीच येऊन बसला होता. दहावी खुर्ची, भिंतीला लागून. तिच्या वाट्याला नववी आली होती, म्हणजे त्याच्या शेजारची. चिठ्ठ्या नॉर्बच्या बायकोने काढल्या होत्या, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

"कसा आहेस?" कोरीनने विचारलं.

"बरा," वेन्डेल म्हणाला, आणि बिअरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागला.

गेल्या डिसेंबरपासून हे असंच चाललं होतं.

हा खेळच तसा पोरकट. खेळाडू खरे, सामने खरे, पण संघ या दहा जणांनी कागदावर बांधलेले. आपण निवडलेला माणूस रविवारी तिकडे मैदानात पळाला की इकडे आपल्याला गुण. दर फेरीत प्रत्येकाने एकेक खेळाडू घ्यायचा, आणि एकदा एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. बस, एवढंच. पण एवढ्यावर ही माणसं सतरा वर्षं एकमेकांना चिडवत, रुसत आणि पुन्हा जमत आली होती.

गेल्या वर्षी वेन्डेलने पहिल्याच फेरीत ओटिस लँगफर्ड घेतला होता. लँगफर्डसारखा रनिंग बॅक घेतला की त्याचा बदली खेळाडूही आपणच घेऊन ठेवायचा असतो, कारण पहिला जायबंदी झाला तर त्याच्या वाटचं सगळं पळणं आणि गुण बदलीला मिळतात. दुसऱ्याचा बदली पळवू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सभ्य माणसं पळवत नाहीत. कोरीनने पळवला. टाय ब्रॉडवॉटर त्याचं नाव. नोव्हेंबरात लँगफर्डचा गुडघा गेला, ब्रॉडवॉटर वाऱ्यासारखा पळाला, आणि उपान्त्य सामन्यात तिने सख्ख्या भावाला चार गुणांनी बाहेर काढलं.

इथवर ठीक होतं. वेन्डेलने तिला चार शिव्या घातल्या असत्या आणि नाताळात दोघं हसले असते. पण त्या सोमवारी सकाळी बस उभी केल्या केल्या कोरीनने सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "वेन्डेल, आता घरी बसायची सवय कर." आठ जणांनी खाली हसरे चेहरे टाकले. त्याच सकाळी कागदाच्या गिरणीने वेन्डेलला एकतीस वर्षांनंतर घरी बसवलं होतं. हे तिला तीन दिवसांनी कळलं, तेही वहिनीकडून. मार्नीने फोनवर एवढंच सांगितलं, "त्याने फोन उघडला तेव्हा तो गिरणीच्या गेटवर उभा होता गं."

कोरीन त्याच संध्याकाळी त्याच्या दारात गेली होती. "मला ठाऊक नव्हतं रे," ती म्हणाली. "तुला ठाऊक नव्हतं, हे मलाही ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि दार हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तेव्हापासून तो तिच्याशी सभ्यपणे वागत होता. लहानपणापासून तो तिला बटाट्या म्हणायचा, आता कोरीन म्हणू लागला. 

"चला, बसा रे!" नॉर्बने अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर आपटलं. "दीड मिनिट प्रत्येकाला. एक ते दहा, मग उलटं दहा ते एक. आणि लाइल, या वर्षी मेलेला खेळाडू घेऊ नकोस."

"तो मेला नव्हता, निवृत्त झाला होता," लाइल म्हणाला. तो नॉर्बचा साडू, गावात पशुवैद्य, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. "मेला तुझ्या शेगडीवरचा ब्रॉटवर्स्ट सॉसेज. बघ, कोळसा झालाय."

भिंतीवर मोठा तक्ता लावलेला होता. रनिंग बॅकच्या नावांच्या पट्ट्या हिरव्या, रिसीव्हरच्या पिवळ्या, क्वार्टरबॅकच्या लाल. तक्त्याच्या वर खिळ्याला एक जुना बूट लटकत होता, नॉर्बच्या मुलाचा शाळेतला, लेस काळी पडलेली. पंधरा फेऱ्यांपैकी शेवटच्या दोन फेऱ्यांच्या आधी जो किकर घेईल त्याने तो बूट दिवसभर गळ्यात घालायचा आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना शेगडीवर भाजून वाढायचं, असा इथला कायदा. पहिल्याच वर्षी वेन्डेलने तो गळ्यात घातला होता. त्यानंतर कुणी घातला नाही. माणसं शहाणी झाली होती.

पहिल्या फेरीत कोरीनने रिसीव्हर घेतला, कारण तिच्या मनातले दोन्ही रनिंग बॅक तिच्या आधीच गेले होते. मग वेन्डेलची पाळी.

"लँगफर्ड," तो म्हणाला.

"पुन्हा?" लाइल ओरडला. "अरे, त्याच्या गुडघ्यात आता हाडापेक्षा लोखंड जास्त आहे!"

"माझ्याही आहे," वेन्डेल म्हणाला. "मी चालतोय ना?"

सगळे हसले. कोरीनही हसली, पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

दुपार सरत गेली. चीजचे तुकडे संपले, दारातून आत आलेलं ऊन नॉर्बच्या बर्फ काढायच्या यंत्रापर्यंत पोचलं. कोरीनचा संघ काही जमत नव्हता. रिसीव्हर छान मिळाले, क्वार्टरबॅक सहाव्यात बरोबर हाती लागला, पण हिरव्या पट्ट्या तिच्या रांगेत दोनच, आणि त्यातला एक तेहतीस वर्षांचा. तिसरा रनिंग बॅक हवाच होता. ती नवव्या फेरीत आली तेव्हा नॉर्बच्या टेबलावर घेण्याजोगी एकच हिरवी पट्टी उरली होती.

टाय ब्रॉडवॉटर.

 लाइलने चघळणं थांबवलं. वेन्डेलने मान खाली घालून आपली यादी पुढे ओढली. तिच्यानंतर लगेच त्याची पाळी होती, आणि उलटी फेरी सुरू होत असल्याने त्याला लागोपाठ दोन खेळाडू घ्यायचे होते. हा बदली त्याने आतापर्यंत का घेतला नव्हता, हे तिला कळेना. विसरला असेल? छे. वेन्डेल विसरणारा नव्हता. ती पुन्हा पळवते का, ते तो बघत होता.

घड्याळ टिकटिकत होतं. ब्रॉडवॉटर घेतला तर तिचा संघ उभा राहत होता. खेळ म्हणून बघितलं तर दुसरा विचार करायचं कारणच नव्हतं. नाही घ्यायचा, तर एखादा पिवळा रिसीव्हर उचलायचा आणि गप्प बसायचं. पण मग त्याला वाटेल, हिला रिसीव्हर हवा होता म्हणून आपला माणूस वाचला. दया दाखवली म्हणेल, नाहीतर नशीब म्हणेल. आणि ते आठ हसरे चेहरे, ते तर तसेच राहतील. त्याच्यावर हसलेले.

"वीस सेकंद, कोरीन," नॉर्ब म्हणाला.

"किकर," कोरीन म्हणाली.

"काय?"

"किकर. डेन्व्हरचा. काय त्याचं नाव ते."

क्षणभर कुणालाच कळलं नाही, आणि मग गराज दणाणलं. लाइल खुर्चीवरून घसरला. "नववी फेरी! अगं बाई, बसमध्ये धूर कोंडला होता का काय? नावसुद्धा माहीत नाही हिला!" कुणीतरी फोन काढून फोटो घेतला, कुणीतरी ग्रुपवर टाकला, आणि नऊ खिशांमध्ये एकदम टुंग टुंग वाजलं. नॉर्बने शिडी न घेता काठीनेच बूट खाली काढला. कोरीनने मान वाकवून तो गळ्यात घालून घेतला. बुटाला अजून वास येत होता. तिचे कान तापले होते, पण तिने तो छातीवर नीट सरळ केला.

वेन्डेल मात्र हसत नव्हता. त्याने आधी बुटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं.

"तुझी पाळी, वेन्डेल," डोळे पुसत नॉर्ब म्हणाला. "दोन घ्यायचेत."

"ब्रॉडवॉटर," वेन्डेल म्हणाला. तो उठला, हिरवी पट्टी स्वतः तक्त्यावर चिकटवली, लँगफर्डच्या रांगेतच, आणि अंगठ्याने कडा नीट दाबल्या. मग तिथेच पाठमोरा उभा राहिला.

"आणि दुसरा?"

"किकर."

कुणी हसलं नाही. लाइलचं तोंड उघडं राहिलं.

"वेन्डेल, दहावी फेरी आहे," नॉर्ब जपून म्हणाला. "चांगला क्वार्टरबॅक आहे अजून. तुझ्याकडे एकही नाही."

"मला किकर हवाय. दुसरा बूट कुठाय?"

"दुसरा बूट? सतरा वर्षांत कुणी मागितलाच नाही रे दुसरा!" नॉर्ब गोंधळून फळ्यांवर शोधायला लागला. रंगाचे डबे हलवले, मासेमारीची पेटी उघडली, आणि अखेर ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यातून धुळीने माखलेला एक बूट निघाला. लेस नव्हती. वेन्डेलने फळीवरची सुतळी त्यात ओवली, गळ्यात घातला आणि येऊन आपल्या खुर्चीत बसला. दोघांच्या छातीवर एकेक बूट, एक डावा, एक उजवा.

"म्हणजे पुढच्या वर्षी शेगडीवर तुम्ही दोघं," लाइल म्हणाला. "देवा, आम्ही उपाशी मरणार."

वेन्डेलने बिअरचा नवा डबा उघडला, तो कोरीनसमोर सरकवला आणि यादीत डोकं घातलं.

"कांदे तू चिरायचेस, बटाट्या," तो म्हणाला.