हळदीचा डबा

हळदीचा डबा रिकामा निघाला त्या सकाळी हेमावहिनींनी तो फळीवर उपडा ठेवला आणि नळावरच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा बेताने धाकट्या जावेला म्हणाल्या, "वेगळं बिऱ्हाड मांडायचं तर मागून न्यावं गं विनया. चोरून कशाला?"

 विनयाच्या कडेवर नयना होती, दात येत होते म्हणून किरकिरत होती, आणि लेकराच्या कानाशी भांडण नको असं तिला वाटलं. पण ते वाक्य काट्यासारखं आत राहिलं.

आलमबागेतलं ते घर त्या मे महिन्यात दुभंगायचं होतं. सासरे, अण्णा, गेले तेव्हा मागे दोनच गोष्टी उरल्या होत्या. प्रयोगशाळांना काचसामान पुरवणारं दुकान, आणि तो माल पोचवणारी पिकअप. दुकान थोरल्या धनंजयभाऊजींना, पिकअप विनयाच्या नवऱ्याला, उल्हासला, असं ठरलं. इंदिरा नगरात दोन खोल्या घ्यायच्या आणि भाडी मारून पोट भरायचं. गाडी चालली तर चूल चालणार, इतका सरळ हिशेब होता. दुकानाची किल्ली अजून उल्हासच्या खिशात होती. नव्या घराच्या दारात ती द्यायची आणि गाडीची घ्यायची.

अण्णा होते तोवर त्या गाडीचं कौतुक पोटच्या पोरासारखं व्हायचं. वेळेवर तेल, वेळेवर ग्रीस, आणि उन्हाळा लागण्याआधी रेडिएटर धुणं. टॉर्च धरायला ते सुनेला बोलवायचे. गाडी पाणी जास्त प्यायला लागली की तिचं दुखणं समजावं, असं ते म्हणत. त्यांच्यामागे भाऊजींनी गाडी नुसती पळवली. होळीपासून तिला रोज तांब्या तांब्या पाणी लागत होतं. आणि वाटणी ठरल्यापासून एकाएकी लागेनासं झालं. मिस्त्री तर कुणी आला नव्हता.

निघायच्या आदल्या सकाळी, नयना झोपेत असताना, विनयाने गार पडलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं. बोट आत घातलं ते पिवळं होऊन आलं. वास घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

तिने नवऱ्याला सांगितलं नाही. उल्हास भावाच्या तोंडावर बोलायचा नाही आणि पाठीमागे जळत बसायचा. तिने फक्त अण्णा करत तेच केलं. खालची तोटी सोडली, स्वच्छ पाणी येईपर्यंत रेडिएटर धुतला आणि पुन्हा काठोकाठ भरला. तळाशी बसलेला पिवळा गाळ तेवढा हळदीच्या त्याच डब्यात काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सामान चढलं तेव्हा ती भाऊजींना म्हणाली, थोरल्यांनीच गाडी दारात आणून सोडावी, वहिनींनीही सोबत यावं, शकुनाचं असतं. भाऊजी खूश झाले. उल्हास मागे सामानावर बसला. पुढे भाऊजी, मध्ये वहिनी, कडेला विनया आणि मांडीवर नयना. वाटेत वहिनी एवढंच बोलल्या की आता तरी घरातल्या वस्तू जागेवर राहतील.

हजरतगंज मागे पडलं आणि वास यायला लागला. निशातगंजच्या पुलाचा चढ लागला तशी बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी दोन आचके देऊन थांबली. खाली पाण्याची धार लागली होती. एक रिक्षावाला रिक्षा थांबवून म्हणाला, "चाय चढ़ाई है क्या, भैया?"

भाऊजी खाली उतरले. कालपर्यंत तर ठीक होती, असं कुणी न विचारताच दोनदा म्हणाले.

विनयाने पिशवीतून डबा काढून वहिनींच्या हातात दिला. "तुमची हळद, वहिनी. रेडिएटरमध्ये सापडली."

वहिनींनी झाकण उघडलं. वास घेतला. मग खिडकीतून म्हणाल्या, "अहो, मी हिला नळावर चोर म्हटलं. तेव्हा तुम्ही तिथेच दात घासत होतात."

"अण्णासुद्धा टाकायचे," भाऊजी बॉनेटकडे बघत म्हणाले. "गळती लागली की हळद टाकायचे, भोक बुजतं."

"अण्णा टाकायचे ते घरी पोचेपर्यंत," विनया म्हणाली. "दुसऱ्याच्या गळ्यात मारायला नाही."

मागून उल्हास उतरून आला होता. त्याने भावाकडे पाहिलं, मग डब्याकडे. दुकानाची किल्ली त्याने हातात घेतली होती, ती परत खिशात टाकली. "नवा रेडिएटर बसू दे, दादा," तो म्हणाला. "बसवताना विनया समोर उभी राहील. मग किल्ली घे."

 पुलावर लूचा कढत वारा वाहत होता.

या गोंधळात नयनाने डब्यात हात बुडवला होता. विनया पदराच्या टोकाने तिचं एकेक बोट पुसत बसली, जणू तिला दुसरं काही कामच नव्हतं. 'चुकलं' हा शब्द वहिनींच्या तोंडून येईल अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि तो आलाही नाही. वहिनींनी झाकण घट्ट लावलं, विनयाला ओलांडून खाली उतरल्या आणि डबा काखेत मारून, नवऱ्याकडे न बघता, आल्या वाटेने हजरतगंजाच्या दिशेने चालू लागल्या.