दोन पांघरुणं

"थांबा!" लष्करी अधिकारी म्हणाले आणि आम्ही सहा जण लाथ्याला खांद्यावर घेऊन चर्चच्या दारातच थांबलो.

लाथ्या माझा मावसभाऊ. लहानपणी त्याच्या शेजारी झोपलेला माणूस सकाळी एक तर जमिनीवर सापडायचा, नाहीतर रडताना. म्हणून हे नाव. सैन्यात त्याचं दुसरं, नीट नाव होतं. सीमेवरून आलेल्या शवपेटीवर तेच लिहिलं होतं, त्यामुळे आत भलताच कोणी असावा अशी मला शेवटपर्यंत आशा होती.

पेटीवर ध्वज पांघरलेला होता. मावशी आयुष्यभर कारखान्यात असले ध्वज शिवत आली आणि रविवारी चर्चमधली वस्त्रं इस्त्री करत आली. दोन्हीकडे पगार सारखाच, असं ती सांगायची. चर्चमध्ये पगार नव्हता, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

"ध्वज इथेच उतरवू या," फादर म्हणाले. त्यांच्या हातात पेटीवर घालायचं, क्रूस भरलेलं पांढरं वस्त्र होतं. सकाळी मावशीनेच त्याला इस्त्री केली होती. "आत सगळे सारखे. हे वस्त्र घालू, मग प्रार्थना."

"ध्वजाच्या जागी दुसरं कापड घालता येत नाही. आदेश आहे."

"मग ध्वजावरून घालतो."

"वरून तर मुळीच नाही."

"खालून?" मी विचारलं. माझा खांदा भरून आला होता.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यापुरतं धर्म आणि देश यांचं एकमत झालं.

पेटी पायांकडून आत न्यायची असते. त्यामुळे लाथ्या कमरेपर्यंत देवाच्या हद्दीत आणि वरचा सरकारच्या, असा अडकला होता. मागे सगळी गल्ली जमली होती.

"आता कळेल, ह्यांचा आधी देश की आधी फादर," कोपऱ्यावरचा दुकानदार पुटपुटला. पुटपुटणं सगळ्यांना ऐकू जाईल याची त्याने काळजी घेतली होती. लाथ्या भरती झाला तेव्हा हाच म्हणाला होता, "ह्यांची पोरं जातात होय लढायला?"

मावशीनेही ऐकलं. ध्वज उतरवला तर उद्यापासून त्याच गल्लीत राहायचं होतं. नाही उतरवला तर पोराला प्रार्थनेशिवाय मातीत ठेवायचं होतं.

"आई, तुम्हीच सांगा," अधिकारी हळूच म्हणाले. तेही लाथ्याच्याच वयाचे होते. घामाघूम झाले होते.

मावशी पुढे आली. तिने ध्वजाचा कोपरा उलटून शिवण पाहिली. "माझीच आहे," ती म्हणाली. "टाका जरा तिरका जातो माझा."

मग तिने ध्वज उतरवला आणि चौकोनी घडी घातली. दुकानदाराने घसा खाकरला. फादरांनी सुटकेचा निःश्वास टाकून पांढरं वस्त्र उलगडलं. मावशीने तेही त्यांच्या हातातून घेतलं आणि त्याचीही घडी घातली.

"अहो बाई, हे तर घालायचं..."

"राहू दे, फादर. त्याच्या अंगावर काही टिकत नाही. झोपेत लाथा मारून फेकून देतो."

अधिकाऱ्यांनी मनातल्या मनात आदेश चाळला असावा. उघड्या लाकडाबद्दल त्यात काही नव्हतं. फादर बाजूला झाले. दुकानदाराला नेमकी कशाला नावं ठेवायची ते सुचेना.

"चला रे," मावशी म्हणाली. "खांदे गेले असतील पोरांचे."

प्रार्थना सुरू झाली. मावशी पुढच्या बाकावर बसली होती, एक घडी या मांडीवर, एक त्या. दार उघडंच राहिलं होतं आणि गार वारा थेट पेटीवर येत होता.

मधूनच तिचा हात पुढे व्हायचा, रात्री झोपेतून उठून पोराच्या अंगावर पांघरूण ओढून घालायला होतो तसा. पेटीपर्यंत पोचायचा नाही. परत यायचा आणि मांडीवरच्या घड्या चाचपत बसायचा.