सहा आखूड शिट्ट्या

इंजिनं डिझेलची झाली, कोळसा गेला, फावडं गेलं; तरी फायरमन आर्विड लुंडग्रेन टिकून राहिला, कारण डकोटाच्या हिवाळ्यात गाडीचे डबे गरम ठेवायला वाफच लागे आणि इंजिनाच्या पोटातला तो लहानसा बॉयलर त्याच्या हवाली होता. डब्यातून कंडक्टर एमेटने दोरी ओढली, की केबिनमध्ये सहा आखूड शिट्ट्या वाजत. सहा म्हणजे ऊब वाढव. इतक्या वर्षांत आर्विडने त्या हाकेला कधी उशीर केला नव्हता.

आज सकाळी ड्रायव्हर लॉइडने नजर चुकवत सांगितलं, की ही आर्विडची शेवटची फेरी. बॉयलर आपोआप चालतो, फायरमन नुसता बसून असतो, अशी साक्ष एमेटनेच कंपनीपुढे दिली होती. ज्याच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी आर्विडने हातांवर धरलं होतं, त्या एमेटने. हे आर्विडच्या इतकं जिव्हारी लागलं, की त्याला धड रागही येईना.

गाडी उघड्या माळावर आली तेव्हा तो मागे गेला, त्याने बॉयलर विझवला आणि वाफेचा व्हॉल्व्ह घट्ट आवळला. कुडकुडू देत एकदा, म्हणजे कळेल. थोड्या वेळाने शिट्ट्या वाजल्या. सहा. मग पुन्हा सहा. डब्यात पोरंबाळं असतील हे त्याच्या मनात आलं, तरी तो जागचा हलला नाही. लॉइडने मानही वळवली नाही.

पुढच्या स्टेशनात एमेट इंजिनापाशी आला. कोट खांद्यावर टाकलेला, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांनी टोपी धरून तो वारा घेत होता. त्याचे ओठ निळे पडले होते आणि भुवयांवर हिमाचे कण होते.

"लेका, किती तापवतोस? लोकांनी कोट उतरवलेत. जरा कमी कर की."

"मग शिट्ट्या कशाला वाजवत होतास?"

"मी? दोरीला हात नाही लावला." एमेट मायेने हसला. "तुझ्यावाचून काही अडलंच नाही बघ."

आर्विडने मागे जाऊन बॉयलरवर तळवा टेकवला. लोखंड गारठलेलं होतं. त्याने दारातून बाहेर वाकून डब्यांकडे पाहिलं. सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. एका काचेवरचं हिम खरवडून एक बाई बाहेर बघत होती आणि हातातल्या वर्तमानपत्राने स्वतःला वारा घालत होती.

तो केबिनमध्ये परतला, तोच पुन्हा सहा शिट्ट्या वाजल्या. एमेट खाली समोरच उभा होता, दोन्ही हात टोपीवर.

"ऐकलंस ना?" आर्विडने लॉइडला विचारलं.

"काय?" लॉइडने कपाळ पुसलं. "बाकी उकडायला लागलं बुवा," असं म्हणत तो कोटाची बटणं काढू लागला.